चिरेखाण काढायचीय? मशीनचा बयाणा देण्याआधी हे वाचा

सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या माळावर, चार-पाच एकर कातळ पडून आहे, गवताशिवाय त्यावर काही येत नाही, आणि मंडणगडपासून बांद्यापर्यंत जो तो घर बांधतोय त्याला चिरा, म्हणजे जांभ्याचा कापलेला दगड, हवाय. मग आपणच खाण का काढू नये, हा विचार कोकणातल्या बऱ्याच घरांत कधीतरी होतो. विचारात वावगं काही नाही, फसतो तो क्रम. आधी कटिंग मशीनचा बयाणा, मग मुकादमाला उचल, आणि सगळ्यात शेवटी तहसील कचेरी. तिथे गेल्यावर कळतं की जमिनीला वनसंज्ञा लागलीय, म्हणजे ती वन म्हणून नोंदलीय, किंवा मुंबईतल्या चुलत्याची सहीच नाही. तोवर पैसे गेलेले असतात आणि मुकादम फोन उचलत नाही.

मी परवाना काढून खाण चालवतो. नव्याने येणारे लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे ज्या क्रमाने कामाला लागायला हवं त्या क्रमाने लिहिली आहेत: जमीन, हिस्सेदार, दगड, कागद आणि सगळ्यात शेवटी मशीन. हे फक्त जांभ्याच्या चिरेखाणीबद्दल आहे. काळ्या दगडाला सुरुंग आणि क्रशर आला की नियम बदलतात. रेडीचं लोहखनिज किंवा दापोली-मंडणगडचं बॉक्साइट हा तर कंपन्यांचा प्रांत, तिकडे आपण जात नाही.

१. या जमिनीत खाण होऊच शकते का, ते आधी बघा

या टप्प्यावर पैसे जवळजवळ लागत नाहीत, आणि पुढे होणारं मोठं नुकसान इथेच टळतं. म्हणून यावर सगळ्यात जास्त वेळ घालवा.

सातबारा काढा आणि नाव बघून खूश होऊ नका, 'इतर हक्क' वाचा. भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटींवर धारण केलेली जमीन) असेल तर वेगळी परवानगी लागते. देवस्थान इनाम, आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन), आणि आंबोली-चौकुळ-गेळे भागातल्या कबुलायतदार गावकार (गावाने सामाईक धरलेल्या) जमिनी या तिन्ही प्रकारांत घाई करून काही मिळत नाही. जुने फेरफार मागे जाऊन वाचा. आजच्या सातबाऱ्यावर नसलेली गोष्ट कधीकधी जुन्या फेरफारात दबा धरून बसलेली असते.

पुढचा प्रश्न वनाचा. १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्याने आपल्याकडच्या बऱ्याच जमिनी शासनाच्या झाल्या, आणि सातबाऱ्यावर तशी नोंद कुठे झाली, कुठे राहिली. सिंधुदुर्गात वनसंज्ञेचा घोळ त्याहून वेगळा आणि आणखी किचकट. तुम्ही वर्षानुवर्षं शेतसारा भरताय याचा इथे काही उपयोग नाही. जमीन वन ठरली की १९८० च्या वनसंवर्धन कायद्याखाली केंद्राची मंजुरी लागते, आणि चिरेखाणीसाठी त्या वाटेला जाणं परवडत नाही. म्हणून गट नंबर देऊन वनविभागाकडून लेखी अभिप्राय घ्या. 'काही अडचण नाही' असं कोणी तोंडी सांगितलं तर चहा पाजा आणि लेखी मागा.

तिसरी गोष्ट पश्चिम घाटाची. पश्चिम घाटाच्या संरक्षणासाठी केंद्राने नेमलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालानंतर १३ नोव्हेंबर २०१३ ला केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली निर्देश काढले. त्यांत संवेदनशील क्षेत्रातल्या गावांमध्ये नव्या खाणी, दगडखाणी आणि वाळू उपसा बंद केला. त्यानंतर या क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुद्यावर मसुदे आले, ३१ जुलै २०२४ चा सहावा. लोक म्हणतात, 'अजून मसुदाच आहे, अंतिम कुठे झालंय?' मसुदा अंतिम झालेला नसला तरी २०१३ चे निर्देश आहेतच, आणि तुमचा अर्ज त्यावरच अडतो. गावांची यादी उपलब्ध आहे, तिच्यात आपलं महसुली गाव शोधा. वाडीचं नाव शोधून फसू नका. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यात तर उच्च न्यायालयाचे आदेशही आहेत, तिथे वकिलाला विचारल्याशिवाय एक झाडही तोडू नका.

किनाऱ्यालगत आणि खाडीलगत सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र, आहे. समुद्र दिसत नाही म्हणून आपण त्यात नाही असं समजू नका. भरतीचं पाणी खाडीतून बरंच आत येतं आणि नियमही त्याच्याबरोबर आत येतो.

आणि कातळशिल्पं. कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती सगळ्यांना माहीत आहे, पण सड्यांवर अजून न नोंदलेली चित्रंही मातीखाली, गवताखाली आहेत. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे आणि सिंधुदुर्गातलं कुडोपी ही ठिकाणं २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. गवत वाळल्यावर, सकाळच्या तिरप्या उन्हात आपला सडा चालून बघा. गुराख्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं. रेघा दिसल्या तर तो तुकडा सोडून द्या. त्यावर ब्लेड फिरवून जे जाईल ते हजारो वर्षांपूर्वीचं आहे, आणि गाव तुम्हाला ते विसरू देणार नाही.

२. हिस्सेदारांच्या सह्या

कोकणातली खाण दगडापेक्षा सातबाऱ्यावरच्या नावांमुळे जास्त अडते. आजोबांच्या नावाखाली पंचवीस नावं, त्यातली काही वारलेली, काही विरार-डोंबिवलीला, एक बडोद्याला. सामाईक गटात एकाने जरी हरकत घेतली तरी फाइल थांबते.

उपाय दोनच आहेत. एक, मयतांची वारसनोंद करून सगळ्यांची नोटरी केलेली संमती घ्या. दोन, महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणे वाटप करून आपला हिस्सा वेगळा काढा. दुसरा उपाय वेळखाऊ आहे, पण वाद असेल तर तोच खरा. सह्यांसाठी गणपतीचे दिवस साधा, सगळे एका छपराखाली असतात. मात्र आरतीनंतर कागद पुढे करून 'सही कर गे काकी' असलं काही नको. संमतीपत्रात गट नंबर, क्षेत्र, मुदत आणि ब्रासमागे (ब्रास म्हणजे १०० घनफूट माल) कोणाला किती मिळणार हे सगळं लिहा आणि वाचून दाखवा. पैसे दिसायला लागले की तोंडी ठरलेलं कोणालाच आठवत नाही. जे येऊ शकत नाहीत त्यांचं कुलमुखत्यारपत्र या एका कामापुरतंच घ्या.

शेजाऱ्याच्या बागेतून रस्ता जात असेल तर त्याचीही लेखी संमती आत्ताच घ्या. खाण चालू झाल्यावर रस्त्याचा भाव वाढतो.

३. दगड बघा

उष्ण आणि भरपूर पावसाच्या हवेत मूळ खडक कुजत जातो, त्यातली सिलिका आणि बाकीचे विरघळणारे घटक धुपून जातात, लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरतात. तो आपला जांभा. रत्नागिरीकडे तो मुख्यतः काळ्या बेसॉल्टवर तयार झालाय, दक्षिण सिंधुदुर्गात बऱ्याच ठिकाणी त्याहून जुन्या खडकांवर. म्हणून राजापूरच्या खाणीचा अनुभव वेंगुर्ल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

उभा छेद साधारण असा असतो: वर काळपट कडक कातळ, त्याखाली कापण्याजोगा चिऱ्याचा थर, त्याखाली मऊ होत जाणारा ठिसूळ भाग आणि मग पांढुरकी-पिवळी चिकण माती. तुमचा धंदा मधल्या थराच्या जाडीवर आहे. ती जाडी वरून दिसत नाही. गावातल्या विहिरी बघा, रस्त्याची कापणी बघा, जवळच्या जुन्या खाणीच्या भिंती बघा. मग आपल्या गटात एकमेकांपासून लांब दोन-तीन ठिकाणी चाचणी खड्डे घ्यायचे. त्यासाठी आधी तहसीलमध्ये विचारून घ्या, कारण 'नुसतं बघत होतो' हे पंचनाम्यात चालत नाही.

ताजा कापलेला चिरा मऊ असतो आणि वाऱ्या-उन्हात राहून टणक होतो. फ्रान्सिस बुकाननने १८०७ मध्ये केरळातल्या अंगाडीपुरमच्या जांभ्याबद्दल हेच नोंदवलंय. म्हणून खड्ड्यातून काढलेल्या तुकड्यावर त्याच दिवशी निकाल देऊ नका. काही दिवस उघड्यावर ठेवा, मग दोन चिरे एकमेकांवर आपटा. खणखणीत आवाज हवा. बद्द वाजला किंवा कोपरे झडले तर आत माती आहे. नंतर प्रयोगशाळेत दाब आणि पाणी शोषण तपासा. जांभ्याच्या चिऱ्यासाठी आयएस ३६२० हे भारतीय मानक आहे आणि त्यात चौरस मिलिमीटरला किमान ३.५ न्यूटन ताकद मागितलीय. सरकारी कामाला चिरा द्यायचा असेल तर हा अहवाल लागतोच.

त्याच प्रयोगशाळेत रासायनिक पृथक्करणही करून घ्या. जांभा फेब्रुवारी २०१५ पासून केंद्राच्या अधिसूचनेने गौण खनिजांत आहे, म्हणजे त्याचे अधिकार राज्याकडे. पण तुमच्या थरात ॲल्युमिना जास्त निघालं तर तो बॉक्साइटकडे झुकतो, आणि बॉक्साइट प्रमुख खनिज आहे. चिऱ्याच्या परवान्यावर ते काढणं हा सरळ गुन्हा. असा माल 'घेतो' म्हणणारे दलाल दारात येतात. त्यांना ओटीवरूनच परत पाठवा.

पाण्याचंही इथेच बघायचं. जांभा पाणी पितो, आणि खालच्या चिकण मातीवर ते अडून डोंगराच्या कुशीत झरा होऊन बाहेर येतं. वाडीची विहीर त्यावर चालते. तुमची खाण अशा झऱ्याच्या डोक्यावर असेल तर मेमध्ये विहीर आटेल किंवा जूनमध्ये लाल होईल, आणि मग परवाना खिशात असूनही खाण चालणार नाही. माझ्या मते अशी जागा दगड कितीही चांगला असला तरी सोडावी.

४. कागदांचा गठ्ठा

जिल्हाधिकारी कार्यालयातली खनिकर्म शाखा हे मुख्य ठिकाण. नियम २०१३ चे: महाराष्ट्र गौण खनिज उत्खनन (विकास व विनियमन) नियम. त्यात दोन वाटा आहेत. थोड्या मुदतीचा, ठरावीक ब्राससाठीचा परवाना, आणि जास्त वर्षांचा खाणपट्टा. नवख्याने कोणती घ्यावी? मागणीची खात्री नसेल तर छोटा परवाना. पण पर्यावरण मंजुरीचा खर्च आणि वेळ मोजला तर दरवर्षी नव्याने सुरुवात करण्यापेक्षा खाणपट्टा स्वस्त पडतो. किती ब्रास मागताय त्यावर अधिकार तहसीलदारांचा, प्रांतांचा की जिल्हाधिकाऱ्यांचा ते ठरतं. 'तहसीलमध्येच होईल' म्हणून मुद्दाम थोडं मागायचं आणि काढायचं भरपूर, ही युक्ती जुनी आहे आणि कचेरीला ती तोंडपाठ आहे.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

– ताजा सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार
– भूमी अभिलेखची मोजणी, म्हणजे 'क' प्रत, चारही कोपऱ्यांच्या अक्षांश-रेखांशासह
– गाव नकाशा, त्यावर रस्ता, घरं, विहिरी, ओढे दाखवलेले
– हिस्सेदारांची संमतीपत्रं, कुलमुखत्यारपत्रं
– ग्रामपंचायतीचा ठराव
– वनविभागाचा अभिप्राय
– खाणकाम आराखडा, मान्यताप्राप्त व्यक्तीकडून केलेला
– आधार, पॅन, शासकीय थकबाकी नसल्याचं पत्र
– अर्ज फी भरल्याची पावती

यात मोजणीला सगळ्यात जास्त वेळ जातो, म्हणून तिचा अर्ज पहिल्या दिवशी करा, बाकीचे कागद तोवर गोळा होतात. पावसात मोजणी रखडते, हेही लक्षात ठेवा. हद्दीवर सिमेंटचे खांब पुरा. चुन्याची रेघ एका पावसात जाते, आणि शेजारच्या गटात हातभर घुसलेली खाण ही अनधिकृत खाणच असते.

ग्रामपंचायतीचा ठराव नुसता सरपंचांना भेटून मिळवू नका. ग्रामसभेत जाऊन उभे राहा, डंपर कुठून जाणार, किती वाजता जाणार, रस्ता खराब झाला तर काय करणार ते सांगा. विरोध असेल तर तो तिथेच समजलेला बरा.

५. पर्यावरण मंजुरी

'पाच हेक्टरच्या आत आहे, मंजुरी लागत नाही' हे वाक्य अजून चहाच्या टपरीवर ऐकू येतं. ते जुनं झालं. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपक कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लहान गौण खनिज पट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं. अर्ज परिवेश या ऑनलाइन प्रणालीवर जातो, निर्णय राज्य पातळीवर होतो. जिल्ह्यातल्या खनिजांची नोंद असलेल्या जिल्हा सर्वेक्षण अहवालात तुमच्या भागाचा जांभा नोंदलेला आहे का ते आधी बघा. नसेल तर पुढचं सगळं अडतं.

पाचशे मीटरच्या आत दुसऱ्या खाणी असतील तर सगळ्यांचं क्षेत्र एकत्र धरलं जातं आणि लहान खाणीला मंजुरीच्या प्रक्रियेत मिळणारी सवलत जाऊ शकते. शेजारी खाण आहे म्हणजे परवाना सोपा, हा समज म्हणूनच उलटा आहे. हे काम सल्लागाराकडून करून घ्यावं लागतं. सल्लागार निवडताना त्याने याच जिल्ह्यात काढलेली मंजुरी दाखवायला सांगा, आणि आलेल्या मंजुरीतल्या अटी स्वतः वाचा. अटी तुम्हाला पाळायच्या आहेत, सल्लागाराला नाही.

६. ब्रास, रॉयल्टी आणि पास

एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. चौदा-नऊ-सात इंची चिरा अर्ध्या घनफुटाहून किंचित जास्त भरतो, म्हणजे ब्रासला सुमारे १९६ चिरे. एक गुंठा जागा दहा फूट खोल गेली तर जवळपास १०९ ब्रास निघतात. पण त्यातलं सगळं चिरा होत नाही. भुकटी, तुकडे, वाकडा माल. समजा तिसरा हिस्सा वाया गेला, तर चिऱ्याचे ७२-७३ ब्रास, साधारण १४,२०० चिरे.

हे गणित सोडवून दाखवण्याचं कारण आहे. तुम्ही वाहतुकीचा पास काढता तो विकलेल्या चिऱ्यावर. तपासणीला आलेले अधिकारी मोजतात तो खड्डा, तोही यंत्राने, ज्याला सगळे ईटीएस मोजणी म्हणतात. खड्डा १०९ ब्रासचा, पास ७२ चे. मधल्या फरकाला कागद नसेल तर तो चोरलेला माल धरला जातो. महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणून वाया जाणाऱ्या मालाचं प्रमाण खाणकाम आराखड्यातच लिहून घ्या, त्याचा ढीग त्याच गटात ठेवा, तो भरावाला द्यायचा असेल तर त्याचाही पास काढा, आणि दर हंगामाच्या शेवटी स्वतः मोजणी करून नकाशा फाइलला लावा. मी बघितलेल्या बहुतेक मोठ्या दंडांच्या मुळाशी हाच फरक होता.

रॉयल्टीचा दर शासन बदलत असतं, चालू दर खनिकर्म शाखेतून लेखी घ्या. तिच्यावर जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आणि इतर रकमा लागतात, त्या धरूनच चिऱ्याचा भाव सांगा. वाहतुकीचा पास शासनाच्या महाखनिज या ऑनलाइन प्रणालीवर निघतो. गाडीची नोंद आणि जीपीएस चालू हवा. पासवर वेळ असते. गाडी पंक्चर होऊन रात्रभर थांबली आणि सकाळी निघाली तर तो पास मेला. जुना पास दाखवून दुसरी खेप मारणारा ड्रायव्हर कितीही कामाचा असला तरी ठेवू नका, गाडी पकडली की परवाना तुमचा जातो.

७. आता मशीन

आता बयाणा द्या. वरचा कडक कातळ जेसीबी-ब्रेकरने काढावा लागतो, त्याचा खर्च सुरुवातीलाच येतो आणि तेव्हा एकही चिरा विकलेला नसतो. कापणी चालू झाली की ब्लेड हा कायमचा खर्च.

१९५२ च्या खाण कायद्याने जांभ्याच्या लहान उघड्या खाणीला बहुतेक तरतुदींतून सूट दिली ती तीन अटींवर: खोली कुठेही सहा मीटरच्या वर नको, एका दिवशी पन्नासच्या वर माणसं नकोत, सुरुंग नको. आता कामगार संहिता आल्या आहेत, तरी खाण आखताना हीच मर्यादा धरा. वीस फुटांच्या खाली तसाही बहुतेक ठिकाणी मऊ माल लागतो. अठरा वर्षांखालचं कोणीही खाणीत उतरता कामा नये. टोळीबरोबर मुलं येतात, त्यांची राहायची सोय खड्ड्यापासून लांब करा आणि जवळच्या शाळेत बोलून घ्या.

भिंती सरळ उभ्या न ठेवता पायऱ्यांनी खाली जा. मशीनवाल्याला मास्क आणि कानाला बोळे द्या, घालत नाही म्हणाला तरी द्या आणि घालायला लावा. कापताना पाणी मारलं की धूळ बसते.

धुळीचं आणखी एक कारण: आंबा. डिसेंबर ते फेब्रुवारी मोहोराचे दिवस, आणि हाच आपल्या कापणीचा भर. मोहोरावर लाल थर बसला की बागायतदार थेट कचेरीत जातो, आणि त्याचं बरोबर असतं. बागेच्या बाजूची कापणी या महिन्यांत बंद ठेवा, रस्त्यावर टँकर मारा. हंगाम ऑक्टोबर ते मे एवढाच आहे, कारण तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो तिथे जूनमध्ये खड्ड्याचं तळं होतं. मेच्या शेवटी मशीन वर काढा, गाळ अडवायला चर खणा आणि पाणी ओढ्यात थेट सोडू नका, नाहीतर खालच्या भातशेतीत लाल चिखल जातो.

८. खाण बंद करताना

सुरुवातीला काढलेली माती वेगळी राखून ठेवली असेल तर हा टप्पा सोपा, नसेल तर माती विकत आणावी लागते. तुकडे आणि भुकटी तळाला, माती वर, मग काजू लावता येतो. एखादा खड्डा शेततळं म्हणून ठेवायचा असेल तर एका बाजूने उतार करा, म्हणजे पडलेलं गुरू बाहेर येऊ शकेल, आणि चहूबाजूंनी चिऱ्याचा गडगा घाला. काम झाल्यावर शेवटची मोजणी करून घ्या, पास आणि खड्डा यांचा मेळ लावा, चारही कोपऱ्यांतून फोटो काढा आणि अनामत परत मिळण्याचा अर्ज पोच घेऊनच द्या.